मत्स्यसमुदाय निर्देशांक : नदीमुखांच्या आरोग्याची पारख

नदीमुखात कोणते मासे, किती आणि कोणत्या वयाचे आढळतात यावरून तिथल्या परिसंस्थेची प्रकृती ठरविण्याची पद्धत. पाण्याचा नमुना तो भरला त्या घटकेपुरतेच सांगतो. माशांच्या समुदायात मात्र गेल्या काही वर्षांतले बरेवाईट साठलेले असते.

नदीमुखातले सगळे मासे तिथले रहिवासी नसतात. काही जन्मभर तिथेच राहतात, काही समुद्रात जन्मून वाढीसाठी आत येतात, तर काहींना नदी आणि समुद्र यांमधली ती केवळ वाट असते. कोकणातल्या लोकांच्या आवडीचा जिताडा खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्ले भरतीबरोबर आत येऊन खाजणात, कांदळवनात वाढतात. म्हणून कोण दिसत नाही हेही नोंदवावे लागते. ये-जा करणारे मासे नाहीसे झाले, तर वरच्या अंगाला बांध आहे का किंवा मधल्या पट्ट्यात ऑक्सिजन संपतो का, हे तपासतात. पिल्ले कमी झाली, तर उथळ जागा भराव टाकून बुजल्या का ते पाहतात. तळाला राहणारे चपटे मासे घटले, तर संशय गाळातल्या विषारी द्रव्यांवर जातो.

या पद्धतीचे मर्म थेम्सच्या इतिहासातून चांगले कळते. 1957 मध्ये लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने ही नदी जैविकदृष्ट्या मृत ठरवली होती. पुढे मैलापाणी शुद्धीकरण सुधारले आणि काठच्या वीजकेंद्रांच्या पाणी ओढण्याच्या तोंडावरच्या जाळ्यांवर अडकलेल्या माशांच्या नोंदींतून एकेक जाती परतताना दिसू लागली. 1974 मध्ये अशाच जाळीवर सॅमन हा मानाचा मासा सापडला, तेव्हा मोठा आनंद झाला. पण नंतर पिल्ले सोडूनही सॅमन तिथे टिकून वाढला नाही. एका मानाच्या माशावरून निदान करू नये. पूर्ण समुदायच पाहावा, हा यातला धडा.

जीवशास्त्रज्ञ जेम्स कार यांनी 1981 मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडील ओढ्यांसाठी 12 निकषांचा जैविक अखंडता निर्देशांक, म्हणजे तिथली जीवसृष्टी किती शाबूत आहे हे मोजणारा आकडा, मांडला. प्रत्येक निकषाला 1, 3 किंवा 5 गुण मिळत. तीच कल्पना पुढे नदीमुखांकडे वळली. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या जलविषयक निर्देशाने संक्रमणी जलांत, म्हणजे नदीमुखांसारख्या पाण्यांत, माशांची तपासणी आवश्यक केली. प्रत्यक्ष स्थितीची संदर्भ स्थितीशी, म्हणजे माणसाची ढवळाढवळ जवळपास नसताना असेल त्या स्थितीशी, तुलना करून 0 ते 1 मधला आकडा काढतात आणि त्यावरून पाच वर्गांपैकी एक देतात.

खरी अडचण त्या संदर्भ स्थितीचीच. भरती-ओहोटीबरोबर खारेपणा बदलतो, पाणी गढूळ असते, म्हणून निरोगी नदीमुखातही जाती थोड्या आणि काटक असतात. एखाद्याच जातीचे थवेच्या थवे असतात. प्रदूषणाचीही हीच लक्षणे! याला नदीमुख-गुणवत्तेचा विरोधाभास म्हणतात. यावर दक्षिण आफ्रिकेत हॅरिसन आणि व्हिटफील्ड या संशोधकांनी 2004 मध्ये काढलेला मार्ग मला सर्वांत समंजस वाटतो : 14 निकष लावायचे, पण प्रत्येक नदीमुखाची तुलना त्याच जैवभौगोलिक पट्ट्यातल्या (म्हणजे सारखे हवामान आणि सारखे जीव असलेल्या भागातल्या), त्याच प्रकारच्या नदीमुखांशी करायची. वाळूच्या दांड्याने काही काळ बंद होणाऱ्या मुखाला सदा खुल्या मुखाची मोजपट्टी लावायची नाही.

जाळ्याचाही प्रभाव मोठा. ओढजाळ्यात काठालगतची पिल्ले येतात, मासे अडकवणाऱ्या उभ्या जाळ्यात पोहणारे मोठे मासे, तळाशी ओढलेल्या जाळ्यात चपटे. त्यामुळे जाळे, आसाचे (जाळ्याच्या भोकांचे) माप, ऋतू आणि भरतीची वेळ सारखी ठेवली तरच दोन वर्षांचे आकडे एकमेकांशेजारी मांडता येतात.