व्यवसाय संशोधन प्रकल्प (विद्यार्थ्यांचा)

व्यवसाय संशोधन प्रकल्प : व्यवस्थापन, वाणिज्य किंवा उद्योजकता शिकणारा विद्यार्थी एखाद्या व्यवसायातला ठरावीक प्रश्न घेतो, पुरावा गोळा करून त्याचे उत्तर शोधतो आणि ते लेखी अहवालात मांडतो. या अभ्यासकामाला व्यवसाय संशोधन प्रकल्प म्हणतात. पदवीच्या पातळीवर तो काही आठवड्यांत उरकतो. पदव्युत्तर पातळीवर एक सत्र किंवा त्याहून अधिक काळ चालतो. सल्लागाराच्या अहवालाशी त्याचे बाहेरून साम्य दिसते, पण सल्लागाराला फक्त ‘काय करावे’ ते सांगून भागते. विद्यार्थ्याला ‘हे आपल्याला कशावरून कळले’ तेही दाखवावे लागते आणि गुणांचा मोठा वाटा त्यावरच असतो.

बहुतेक प्रकल्प प्रश्नावलीपासून सुरू होतात आणि तिथेच फसतात. विषय मंजूर झाला की विद्यार्थी गुगल फॉर्म उघडतो, पंचवीस-तीस प्रश्न टाकतो, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुवा पाठवतो आणि शंभर उत्तरे जमली की ‘आता याचं काय करायचं’ असे मार्गदर्शकाला विचारतो. आपल्याला नेमके काय शोधायचे आहे हे ठरण्याआधीच माहिती जमलेली असते, म्हणून हा पेच पडतो.

विषयाकडून प्रश्नाकडे : ‘ऑनलाइन खरेदीबाबत ग्राहकांचे मत’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर काहीही असू शकते आणि ते कोणाच्याच कामाचे नसते. तो घासत न्यावा लागतो. ग्राहक वस्तू कार्टमध्ये टाकतात, पण पैसे न भरताच निघून जातात, ते का? हे थोडे बरे. पण कारणे डझनभर निघतील. मग एकच धरावे : डिलिव्हरी चार्ज वस्तूच्या पानावरच दाखवला तर शेवटच्या टप्प्यावर दाखवण्याच्या तुलनेत कार्ट सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण कमी होते का? आता कोणाची माहिती हवी, कोणती हवी, कशाची तुलना करायची, हे सगळे त्या एका वाक्यातूनच निघते. विक्रेत्याला उत्तर उद्याच वापरता येते, हा वरचा फायदा. मांडणीतला हा प्रश्न जितका अरुंद, तितका प्रकल्प वेळेत पुरा होण्याचा संभव जास्त. विद्यार्थ्यांना नेमके याच्या उलट वाटते.

प्रश्न पक्का होताना आधीचे वाचनही चालू असते. साहित्य आढावा म्हणजे वीस लेखांचे वीस सारांश एकाखाली एक लावणे नव्हे. कोणाचे निष्कर्ष जुळतात, कोणाचे परस्परांना छेद देतात, कोणती परिस्थिती अजून तपासलीच गेलेली नाही, हे सांगितले तरच आढावा झाला. उद्धृत केलेला प्रत्येक लेख स्वतः उघडून पाहणे आज पूर्वीपेक्षा गरजेचे झाले आहे. भाषा-प्रतिमानांवर चालणारे चॅटबॉट अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे लेखक, वर्ष आणि पृष्ठक्रमांकासकट संदर्भ बिनदिक्कत रचून देतात आणि असा एक संदर्भ सापडला की परीक्षकाचा बाकीच्या अहवालावरचाही विश्वास उडतो.

आराखडा आणि वेळ : मंजुरीसाठी द्यायच्या सिनॉप्सिसमध्ये प्रश्न, गृहीतक (प्रश्नाचे तपासून पाहायचे संभाव्य उत्तर), माहितीचा स्रोत, पद्धत आणि वेळापत्रक असते. वेळापत्रक जमा करण्याच्या तारखेपासून मागे मोजत बनवावे. माहिती गोळा करण्याला ठरवल्याच्या दुप्पट वेळ लागतो असे धरून चालणे शहाणपणाचे. कारण तो टप्पा आपल्या हातात नसतो. एक तासाच्या ध्वनिमुद्रित मुलाखतीचे शब्दशः लेखन करायलाच चार ते सहा तास जातात, हा हिशेब आराखड्यात क्वचितच दिसतो.

एखाद्या कंपनीच्या आत जाऊन काम करायचे असेल तर लेखी परवानगी आधी घ्यावी. तोंडी ‘या की कधीही’ यावर विसंबून राहिलेले प्रकल्प ओळखीचा व्यवस्थापक बदलून गेला की अडकतात. परवानगीच्या पत्रात कोणती आकडेवारी मिळेल, नाव छापायचे की नाही आणि अहवाल कोण वाचणार हे नमूद असावे. आणि कंपनीने ऐन वेळी हात वर केले तर सार्वजनिक आकडेवारीवर, म्हणजे वार्षिक अहवाल, सरकारी सर्वेक्षणे, व्यापारी संघटनांच्या नोंदी यांवर प्रकल्प उभा करता येईल का, हेही आधीच पाहून ठेवलेले बरे.

माहिती कोणाकडून, किती : प्राथमिक माहिती स्वतः गोळा केलेली, दुय्यम माहिती दुसऱ्याने आधी जमवलेली, एवढा फरक पाठ्यपुस्तकात असतोच. खरा अवघड भाग नमुन्याचा, म्हणजे सगळ्यांऐवजी ज्या थोड्यांना विचारायचे त्यांच्या निवडीचा आहे. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. सुमारे २४ लाख परत आल्या आणि त्यावरून रिपब्लिकन उमेदवार आल्फ्रेड लँडन जिंकणार असे त्याने छापले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते टेलिफोन व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले होते, म्हणजे मंदीच्या काळातले तुलनेने सुखवस्तू लोक. शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्या मतांतही फरक होता. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याच निवडणुकीत कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. वर्गमित्रांच्या ग्रुपवर फिरवलेला फॉर्म ‘लिटररी डायजेस्ट’चीच छोटी आवृत्ती असते. वेळ व पैसा पाहता विद्यार्थ्याला सोयीचा नमुना घ्यावा लागतो हे खरे, पण मग त्यावरून ‘ग्राहकांना असे वाटते’ असे लिहिता येत नाही. ‘या वर्गातल्या विद्यार्थ्यांना असे वाटते’ एवढेच लिहिता येते.

संख्येबद्दल ३८४ हा आकडा अनेक अहवालांत मंत्रासारखा येतो. लोकसंख्या मोठी असताना, ९५ टक्के विश्वासपातळीवर (शंभरातल्या ९५ नमुन्यांत अंदाज मर्यादेत राहावा असे धरून), टक्केवारीत अधिक-उणे ५ अंकांची चूक चालणार असेल तर साधारण इतका यादृच्छिक (प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी देणारा) नमुना लागतो, असे ते गणित आहे. चूक ३ अंकांवर आणायची तर १,०६७ जण लागतात. १०० जणांवर भागवले तर ती १० अंकांच्या आसपास जाते. यातला ‘यादृच्छिक’ हा शब्द गाळून नुसता ३८४ लिहिला की आकडा निरर्थक होतो. मुलाखतींचा हिशेब वेगळा. तिथे नवी उत्तरे येणे थांबले की थांबतात. बऱ्यापैकी एकसारख्या गटात ही अवस्था दहा-बारा मुलाखतींतही येऊ शकते.

विचारणे आणि पाहणे : प्रश्नावलीतली नेहमीची चूक म्हणजे एका प्रश्नात दोन प्रश्न. ‘दुकानातील सेवा जलद व नम्र आहे’ यावर ‘असहमत’ अशी खूण आली. आता सेवा संथ होती की उद्धट, हे कोण सांगणार? ‘आपण नियमित खरेदी करता का’ यातले ‘नियमित’ एकाचे रोजचे असते, दुसऱ्याचे वर्षातून दोनदाचे. म्हणून ‘गेल्या ३० दिवसांत किती वेळा’ असे विचारावे. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ ही पाच पायऱ्यांची पट्टी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडलेल्या पद्धतीवरून आली आहे. त्यांच्या पद्धतीत एकाच वृत्तीबद्दलच्या अनेक विधानांचे गुण एकत्र करायचे असतात. एकट्या विधानाची सरासरी ३.७३ आली म्हणून तिच्यावर परिच्छेद लिहिणे तिथे अपेक्षित नव्हते. फॉर्म सर्वांना पाठवण्याआधी आठ-दहा जणांसमोर बसून भरून घ्यावा. पेन कुठे थबकते, कोणत्या प्रश्नावर भुवया उंचावतात, ते समोर बसल्याशिवाय कळत नाही.

लोक जे सांगतात आणि जे करतात त्यांतले अंतर या क्षेत्रात फार महाग पडते. रिचर्ड लापियर या समाजशास्त्रज्ञाने एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत प्रवास केला. २५१ हॉटेले व उपाहारगृहांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर पत्राने ‘चिनी पाहुण्यांना घ्याल का’ असे विचारल्यावर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी नाही म्हटले. हा अभ्यास १९३४ चा. कोका-कोलाने १९८५ साली जवळजवळ २ लाख चव-चाचण्यांच्या आधारे पेयाची चव बदलली आणि ७९ दिवसांत जुनी चव परत आणण्याची घोषणा करावी लागली. चाचण्यांनी घोटभर पेयाची चव मोजली होती. जुन्या पेयाशी असलेली जवळीक त्यांच्या मोजपट्टीत बसणारी नव्हती. वरच्या कार्टच्या प्रश्नातही ‘चार्ज आधी दिसला असता तर तुम्ही वस्तू घेतली असती का’ असे विचारण्यापेक्षा विक्रेत्याच्या संकेतस्थळावरच्या नोंदी मिळवणे कधीही चांगले.

संमती : उत्तर देणाऱ्याला प्रकल्प कशाचा, माहिती कोण पाहणार आणि मधेच थांबण्याची मुभा आहे हे आधी सांगून त्याची संमती घ्यावी लागते. अनेक संस्थांत नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय माहिती गोळाच करता येत नाही. नाव गाळले म्हणजे ओळख लपली असे नाही. सहा जणांच्या विभागात ‘स्त्री, ४५ ते ५५ वयोगट, पंधरा वर्षे नोकरी’ एवढे लिहिले की वरिष्ठाला ती कोण ते लगेच कळते आणि ‘पगारावर नाखूश’ ही तिची खूण तिला भोवू शकते. अशा तक्त्यांत गट मोठे करावेत किंवा तक्ता गाळावा.

विश्लेषण : समजा विक्रेता तयार झाला आणि १६० ग्राहकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. शेवटच्या टप्प्यावर चार्ज पाहणाऱ्या ८० पैकी ५६ जणांनी कार्ट सोडले, आधीच पाहणाऱ्या ८० पैकी ४४ जणांनी. म्हणजे ७० टक्के आणि ५५ टक्के. असा फरक निव्वळ योगायोगाने पडला असेल का, हे काय-वर्ग चाचणी तपासते. तिचे उत्तर ३.८४ येते आणि ५ टक्के पातळीची सीमारेषा, जी ओलांडली तरच फरक ‘लक्षणीय’ म्हणतात, ती आहे ३.८४१. केसाच्या अंतराने फरक ‘लक्षणीय नाही’! पहिल्या गटातल्या आणखी एकाच ग्राहकाने कार्ट सोडले असते तर तेच उत्तर ४.५४ झाले असते आणि अहवालाचा सूर पालटला असता. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये ५ टक्क्यांची रेषा सोयीची म्हणून सुचवली होती. तिला निसर्गनियम मानण्याचे कारण नाही. प्रामाणिक विद्यार्थी इथे लिहील : निरीक्षित फरक १५ अंकांचा आहे, पण नमुना लहान असल्याने खरा फरक जवळजवळ शून्यापासून ३० अंकांपर्यंत कुठेही असू शकतो. विक्रेत्याला त्या ‘लक्षणीय नाही’पेक्षा हे वाक्य जास्त सांगून जाते. उत्तर हवे तसे येईपर्यंत चाचण्या बदलत राहणे किंवा ग्राहक वाढवत जाणे ही फसवणूकच, मग ती नकळत का होईना.

लहान नमुन्यांच्या सरासरींची तुलना करायला वापरली जाणारी ‘स्टुडंट’ची टी-चाचणी विद्यार्थ्यांसाठी म्हणून केलेली आहे असा गोड गैरसमज असतो. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ती ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. म्हणजे तिचा जन्म धंद्याच्याच प्रश्नांतून झाला.

आकड्यांची फाइल हा दुर्लक्षित कोपरा. मूळ उत्तरांची प्रत हात न लावता बाजूला ठेवावी आणि दुरुस्त्या दुसऱ्या प्रतीत, कारण नोंदवून कराव्यात. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या लेखात सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांचा संबंध मांडला होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस हर्नडन याने अभ्यासक्रमातल्या एका लेखासाठी ते गणित पुन्हा करून पाहायला घेतले. आकडे जुळेनात. लेखकांनी एक्सेलची फाइल पाठवल्यावर दिसले की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी घेतल्याच गेल्या नव्हत्या. वर्षे वगळणे आणि देशांना सरासरीत दिलेले भार (कोणाला किती महत्त्व) यांवरही २०१३ साली त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी आक्षेप घेतले. जास्त कर्जाच्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का नसून २.२ टक्के निघते, असे त्यांचे गणित होते. विद्यार्थ्याने नवी माहिती गोळा न करता जुने काम पुन्हा तपासणे हाही पूर्ण दर्जाचा प्रकल्प असू शकतो. तो सुचवणारे मार्गदर्शक मात्र कमी दिसतात.

अहवाल आणि तोंडी परीक्षा : अहवालाचा साचा संस्था ठरवून देते, त्यात फारसे स्वातंत्र्य नसते. प्रास्ताविक आणि सारांश शेवटी लिहावेत. वीस पाय-आलेख छापून ‘वरील आलेखावरून असे दिसते की ६२ टक्के…’ अशी वीस वाक्ये लिहिण्यापेक्षा मूळ प्रश्नाला हात घालणारे दोन-तीन तक्ते पुरतात. शिफारशी निष्कर्षातूनच निघाल्या पाहिजेत. डिलिव्हरी चार्जवरच्या अभ्यासाच्या शेवटी ‘कंपनीने जाहिरातींवर अधिक खर्च करावा’ असे वाक्य सापडते, तेव्हा ते दुसऱ्याच्या अहवालातून आले आहे हे परीक्षक ओळखतात. तोंडी परीक्षेत सूत्रे क्वचित विचारतात. हीच माणसे का निवडली, ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांचे काय, आणि निकाल उलटा आला असता तर काय लिहिले असते, हे तीन प्रश्न नेहमीचे. तिसऱ्याचे उत्तर आराखड्याच्या दिवशीच ठरलेले असावे लागते. आकडे पाहिल्यावर सुचलेले उत्तर परीक्षकाला लगेच कळते.