दोन मिनिटं, दोन मेगाबाइट

आमच्या भागात एक गेम पार्लर होतं. पत्र्याचं शटर, आत चार टीव्ही आणि तासाच्या भाड्यावर प्लेस्टेशन. तिथे ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’ पहिल्यांदा खेळलो तेव्हा पहिली शंका आली ती सीडीबद्दल. स्केटबोर्डवरचा खेळाडू लाकडी उतारावरून गोदामात उतरायचा आणि कॅमेरा वळला की जमिनीच्या सरळ रेषा सापासारख्या वळवळायच्या. कडा थरथरायच्या. ‘सीडीवर चरे पडलेत’ असा निकाल सर्वानुमते लागायचा. मग सीडी काढायची, बनियनला पुसायची, परत घालायची. फरशी हलायचीच.

ती का हलायची, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. पुढे तोच गेम दुसऱ्या यंत्रांवर पाहिला तेव्हा लक्षात आलं की या गेममध्ये दोन जातीच्या लबाड्या आहेत. एक नाइलाजाची, यंत्राच्या गरिबीतून आलेली. दुसरी जाणूनबुजून केलेली, न्यूटनच्या डोळ्यांदेखत.

आधी न्यूटनकडे जाऊ. 27 जून 1999 रोजी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत अमेरिकी स्केटबोर्डपटू टोनी हॉक याने पुन:पुन्हा आपटून शेवटी ‘900’ पूर्ण केला. हवेत 900 अंश, म्हणजे अडीच गिरक्या, आणि परत चाकांवर. त्याचं वय तेव्हा 31 होतं. त्याच्या नावाचा गेम तीनच महिन्यांनी, सप्टेंबरअखेरीस अमेरिकेत बाजारात आला आणि त्यात ही उडी त्याची खास करामत म्हणून होती. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं हुलकावणी दिलेली गोष्ट गेममध्ये तीन बटणांवर आली.

खऱ्या उडीचा हिशेब सोपा आहे. समजा, स्केटर उताराच्या काठापासून अडीच मीटर वर गेला. वर जायला 0.7 सेकंद, खाली यायला तेवढाच वेळ. एकूण साधारण 1.4 सेकंद. त्यात अडीच गिरक्या बसवायच्या, तर एका गिरकीला जेमतेम 0.6 सेकंद मिळतो. आणि मुख्य अट वेगळीच आहे. गिरकीची सगळी पुंजी काठ सोडायच्या क्षणीच खिशात असावी लागते. हवेत पाय टेकवायला काही नाही, त्यामुळे शरीराचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, ना वाढवता येतो ना घटवता येतो. हातात उरतं ते एकच. हात-पाय पोटाशी घेतले की गिरकी वेगात होते, पसरले की मंदावते. बर्फावर गिरक्या घेणारी नर्तकी हेच करते.

गेममध्ये काय होतं? खेळाडू सरळ वर उडतो, गिरकीचा पत्ता नसतो. अर्ध्या वाटेत तुम्ही डावीकडचं बटण दाबता आणि तो फिरू लागतो. विचार बदलला, उजवीकडचं दाबलं, तर तो उलटा फिरतो. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसत नाही. (उलटं सोडलेलं मांजर हवेत सरळ होतं ते खरं, पण ते कंबरेत वाकून शरीराचे दोन भाग विरुद्ध दिशांना फिरवतं. त्याचा एकूण संवेग शून्यच राहतो. आमचा स्केटर ताठ उभ्याउभ्या फिरतो.) उंचीचंही तसंच. खऱ्या जगात तीन सेकंद हवेत राहायचं तर काठापासून 11 मीटर वर जावं लागेल, म्हणजे जवळजवळ चार मजले. गेममधला पोरगा एका उडीत दोन-तीन करामती संपवून निवांत उतरतो.

तिसरी चोरी फार कमी जणांच्या लक्षात येते. हाफपाइप म्हणजे अर्ध्या नळीसारखा खड्डा. त्याची भिंत वरच्या टोकाला उभी होते. तिथून खरा स्केटर सुटतो तेव्हा आडवा वेग अगदी थोडा जरी चुकला, तरी तो एक तर वरच्या सपाट फळीवर पडतो नाही तर थेट खड्ड्याच्या तळाशी. गेममध्ये उभ्या भिंतीवरून उडालात की प्रोग्राम तुम्हाला त्या भिंतीच्या प्रतलाशी बांधून ठेवतो. कितीही गिरक्या घ्या, खाली याल ते त्याच भिंतीवर. कठड्यावर घसरतानाही हेच. जवळपास आलात आणि त्रिकोणाचं बटण दाबलं की गेम तुम्हाला उचलून कठड्यावर चिकटवतो. बटण कधी दाबायचं, ते तुमच्याकडे. नेमकं कुठे टेकायचं, ते यंत्राकडे.

उडी मारायच्या बटणात मात्र विज्ञान प्रामाणिक आहे. स्केटबोर्डवरच्या मूळ उडीला ‘ऑली’ म्हणतात. फ्लोरिडातला स्केटर ॲलन गेलफांड याचं हे टोपणनाव. 1970 च्या दशकाच्या शेवटी त्याने ती खड्ड्यांच्या उतारावर बसवली. पुढे रॉडनी मलन या स्केटरने ती सपाट जमिनीवर आणली. पाहणाऱ्याला वाटतं, बोर्ड पायांना चिकटलाय. तसं काही नसतं. मागचा पाय शेपटीवर जोरात आपटतो, शेपूट जमिनीवर आदळते, नाक वर उठतं. त्याच वेळी पुढचा पाय बोर्डावरच्या सँडपेपरसारख्या खरखरीत कागदावरून नाकाच्या दिशेने घासत जातो आणि ते घर्षण बोर्डाला वर ओढतं. स्केटर गुडघे पोटाशी घेऊन बोर्डाला वर यायला जागा करून देतो. हे सगळं जेमतेम अर्ध्या सेकंदात.

गेममध्ये त्यासाठी एक्सचं बटण आहे, पण उडी ते दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होते. दाबलं की खेळाडू गुडघे वाकवतो, सोडलं की उसळतो. स्प्रिंग दाबून सोडावी तसं. अंगठ्याला ते इतकं पटकन पटतं की कुणी शिकवावं लागत नाही. या गेमच्या यशातला मोठा वाटा मी या एका बटणाला देईन. नुसती दाबून उडी असती तर हातात बोर्ड असल्याचा भासच झाला नसता.

आता दुसऱ्या जातीची लबाडी. गेम कॅलिफोर्नियातल्या नेव्हरसॉफ्ट कंपनीने बनवला, प्रकाशित केला ॲक्टिव्हिजनने. नेव्हरसॉफ्टकडे आधीच्या ‘अपोकॅलिप्स’ या गोळीबाराच्या गेमचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, तयार होतं. त्यात नायक म्हणून अभिनेता ब्रूस विलिस होता. स्केटबोर्डाचा पहिला कच्चा नमुना त्याच्यावरच बेतला, त्यामुळे सुरुवातीला पडद्यावर स्केटिंग करत होता तो ब्रूस विलिस!

इंजिन चालायचं ते प्लेस्टेशनवर. प्रोसेसर सुमारे 34 मेगाहर्ट्झचा, मुख्य मेमरी दोन मेगाबाइट, चित्रासाठी वेगळी एक मेगाबाइट. आजच्या फोनमधला एक फोटोही त्यात मावायचा नाही. शिवाय प्रोसेसरला दशांश अपूर्णांकांचं गणित करणारं वेगळं एकक नव्हतं. मग सगळे आकडे पूर्णांकांत ठेवायचे. दुकानदाराने रुपये सोडून सगळा हिशेब पैशांत मांडावा तसं, फक्त इथे रुपयाचे पैसे 100 नव्हेत, 4096. गणित भन्नाट वेगाने होतं, पण पडद्यावर पोचताना प्रत्येक कोपरा जवळच्या पूर्ण ठिपक्यावर जाऊन बसतो. कॅमेरा हळूच सरकला की काही कोपरे उडी मारतात, काही मारत नाहीत. कडा थरथरायच्या त्या यामुळे.

फरशीच्या वळवळीचं कारण आणखी मजेदार आहे. रेल्वे रुळांचा फोटो डोळ्यांपुढे आणा. जवळचे स्लीपर लांब लांब, दूरचे एकमेकांना खेटून. आता जमिनीचा एक तुकडा घ्या, त्याची जवळची कड तुमच्यापासून एक मीटरवर, दूरची तीन मीटरवर. फोटोत या दोन कडांच्या बरोब्बर मधला बिंदू जमिनीवर किती दूर असेल? सहज उत्तर येतं, दोन मीटर. खरं उत्तर आहे दीड. चित्रातली जागा अंतराच्या व्यस्त प्रमाणात ठरते, म्हणून सरासरी 1 आणि 3 ची नाही, 1 आणि एकतृतीयांशाची काढायची. ती येते दोनतृतीयांश आणि तिचा व्यस्त दीड.

हे बरोबर करायचं तर प्रत्येक ठिपक्यासाठी भागाकार हवा आणि भागाकार महाग. प्लेस्टेशनमधलं भूमितीचं खास एकक भागाकार करायचं, पण तुकड्याच्या फक्त कोपऱ्यांसाठी. मधल्या ठिपक्यांना चित्र रंगवणारी चिप ते सहज उत्तर देऊन टाकायची, दोन मीटर. मग फळ्यांचं चित्र चुकीच्या जागी ताणलं जायचं आणि कॅमेरा वळला की चूकही बदलायची. फरशी वळवळायची ती अशी. उपाय एकच, जमिनीचे आणखी बारीक तुकडे करायचे. तुकडा लहान तर चूक लहान. पण तुकडे वाढले की काम वाढतं, आणि दोन मेगाबाइटमध्ये गोदाम, खेळाडू, त्याच्या हालचाली सगळंच बसवायचं असतं.

या तंगीचा एक फायदा झाला. गेममधले टप्पे आटोपशीर राहिले आणि प्रत्येक डावाला दोन मिनिटांची मुदत. पूर्ण टप्पा मेमरीत भरलेला, त्यामुळे खेळताना सीडी मोकळी. मग लेसर बिचारा काय करणार? गाणं वाजवणार. पंक संगीताची अख्खी गाणी मागे वाजत राहायची. पार्लरमध्ये आम्हाला एकही शब्द कळत नव्हता, पण चाली पाठ होत्या.

नेमकं हेच प्लेस्टेशनच्या प्रतिस्पर्धी यंत्रावर, निन्टेंडो 64 वर, अडलं. 2000 साली एज ऑफ रिॲलिटी या कंपनीने तिथली आवृत्ती केली. हे यंत्र ताकदीने वरचढ. प्रोसेसर जवळजवळ 94 मेगाहर्ट्झचा, ठिपक्या-ठिपक्याला भागाकार करण्याची सोय, कुठली वस्तू पुढे नि कुठली मागे हे लक्षात ठेवणारी व्यवस्थाही होती. (प्लेस्टेशनवर चित्रकारासारखं आधी लांबचं, मग जवळचं रंगवत यावं लागे.) फरशी स्थिर झाली! पण हे यंत्र सीडीवर चालत नव्हतं, कार्ट्रिजवर, म्हणजे आत चिप असलेल्या प्लास्टिकच्या डबीवर, चालायचं. सीडीच्या दर्जाचा आवाज एका सेकंदाला 44,100 नमुने घेतो, प्रत्येक नमुना दोन बाइटचा, वाहिन्या दोन. म्हणजे मिनिटाला दहा मेगाबाइटच्या वर. सीडीची जागा साधारण 650 मेगाबाइट, आणि या यंत्राचं सगळ्यात मोठं कार्ट्रिज 64 मेगाबाइटचं. कितीही दाबून भरलं तरी अख्खी गाणी बसेनात. ती कापून तुकड्यांत फिरवली आणि स्केटरांच्या चित्रफिती वगळल्या. आणखी एक अडचण म्हणजे पृष्ठभागाचं चित्र ठेवायची झटपट जागा होती फक्त चार किलोबाइट, 16 बिट रंगांत 64 बाय 32 ठिपके. तेवढंच चित्र भिंतभर ताणायचं आणि वर गुळगुळीत करायचं. तेल सांडलेल्या काचेतून बघावं तसं दिसायचं. वळवळ बरी की धूसर बरं, यावर मी अजूनही वळवळीच्या बाजूने आहे, कारण गाणी त्या बाजूला होती.

त्याच वर्षी ट्रेयार्क कंपनीने केलेल्या, ड्रीमकास्ट या आणखी एका गेमयंत्राच्या आवृत्तीला असली निवड करावीच लागली नाही. 200 मेगाहर्ट्झ, 16 मेगाबाइट मेमरी, दशांश गणिताचं झकास एकक, शिवाय चकती. रेषा सरळ, चित्र स्वच्छ. सांगण्यासारखं फारसं नाही, श्रीमंताच्या घरी गोष्टी कमी घडतात. गेम बॉय कलर या हातात धरायच्या यंत्राच्या आवृत्तीत तर 160 बाय 144 ठिपक्यांच्या पडद्यावर नावापुरताच तो गेम उरला होता.

माझ्या मते सगळ्यात हुशार काम झालं ते दुसऱ्या भागाचं, 2001 साली गेम बॉय ॲडव्हान्सवर. व्हिकॅरियस व्हिजन्स या कंपनीने ते केलं. हातात मावणारं यंत्र, प्रोसेसर 17 मेगाहर्ट्झच्याही आत, त्रिमितीसाठी कसलीही खास यंत्रणा नाही. त्यांनी जग तिरक्या नजरेने काढलं. वास्तुविशारद घराचा तिरपा नकाशा काढतात तसं, ज्यात दूरची खोली जवळच्या खोलीएवढीच दिसते. दूरचं लहान दिसायचंच नाही, तर अंतराने भागायचं कशाला? आपण मघाशी सोडवत बसलेला प्रश्नच त्यांनी मोडीत काढला. जमीन, कठडे, उतार ही आधीच रंगवलेली सपाट चित्रं. फक्त स्केटर खरा त्रिमितीय, त्याचा आकार प्रोग्रामनेच क्षणोक्षणी मोजून काढलेला. म्हणून लहानशा पडद्यावरही त्याच्या गिरक्या तुटक वाटत नाहीत. दंड एकच, कठडा नक्की किती उंचीवर आहे ते नजरेला कळत नाही. पहिले दोन दिवस कठड्याऐवजी जमिनीवरच आपटणं आलं.

जाता जाता एक गंमत. नेव्हरसॉफ्टच्या संस्थापकांपैकी प्रोग्रामर मिक वेस्ट पुढे गेमिंग सोडून उडत्या तबकड्यांच्या चित्रफिती तपासू लागला. कॅमेऱ्याचा कोन, भिंगाची चकाकी, अंतराचा अंदाज यांवरून पडद्यावरचं ‘गूढ’ साध्या भूमितीने उलगडायचं हा आता त्याचा व्यासंग आहे. आणि त्या पहिल्या गेमचा शेवटचा टप्पा घडतो कुठे? तबकड्यांच्या दंतकथेसाठी प्रसिद्ध असलेल्या रॉसवेल या अमेरिकी शहरात.

2020 साली पहिले दोन्ही भाग नव्याने बनवून आले. काम पुन्हा व्हिकॅरियस व्हिजन्सकडेच. नाइलाजाच्या लबाड्यांची आता गरजच नव्हती. गोदामातली प्रत्येक फळी सरळ, काठाचा कुठलाच कोपरा थरथरत नाही, अख्खी गाणी वाजतात. खेळाडू हाताळण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी नेव्हरसॉफ्टचा जुनाच कोड हाताशी घेतला. मी पहिल्याच डावात तपासलं. एक्स दाबून ठेवलं, गोदामाच्या मोठ्या उतारावर सोडलं, स्केटर सरळ वर गेला, गिरकीचा पत्ता नव्हता. अर्ध्या वाटेत डावीकडचं बटण दाबलं.

फिरला.