उच्च रक्तदाबातील आहारनियमन
उच्च रक्तदाबातील आहारनियमन : धमन्यांमधील रक्ताचा दाब सातत्याने १४०/९० मिमी. पारा किंवा त्याहून अधिक राहत असल्यास तो आटोक्यात आणण्यासाठी रोजच्या खाण्यापिण्यात जाणीवपूर्वक केलेला बदल. मीठ कमी करणे हा त्याचा गाभा होय. भाज्या, फळे, डाळी व दूधदुभते यांचे प्रमाण वाढवणे, वाढलेले वजन उतरवणे आणि मद्य टाळणे हेही त्यात येते. विकार सौम्य असल्यास काही वेळा एवढ्यावर भागते, एरवी औषधांच्या जोडीने पथ्य सांभाळावे लागते.

मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. पण ज्यांच्या मूत्रपिंडांना ते नेहमीच्या दाबाला झेपत नाही, त्यांच्या रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढल्यावरच सोडियमचा पुरेसा निचरा होतो. पोटॅशियम या निचऱ्याला मदत करते, तसेच रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरील ताण सैल करते. मिठाचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. वृद्ध, मधुमेही आणि मूत्रपिंडविकाराचे रुग्ण यांच्यात तो अधिक दिसतो.

मीठ व रक्तदाब यांचा संबंध आंबार आणि बोजार या फ्रेंच वैद्यकांनी १९०४ मध्ये मांडला. प्रभावी औषधे हाती नसताना, १९३९ पासून, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केंपनर यांनी भात, फळे व साखर एवढ्यावरच रुग्णांना ठेवून अतितीव्र रक्तदाबही उतरवून दाखवला. मात्र असे अळणी जेवण जन्मभर घेणे फार थोड्यांना जमले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ (‘उच्च रक्तदाब रोखण्याचे आहारमार्ग’ या अर्थाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप) आहाराच्या चाचणीने अधिक व्यवहार्य वाट दाखवली. भरपूर फळे-भाज्या, कमी स्निग्धांशाचे दूध व दही, धान्ये, कडधान्ये आणि सुकामेवा असा हा आहार होता. त्यात मिठाचे प्रमाण तुलनेच्या आहाराइतकेच ठेवूनही उच्च रक्तदाबाच्या सहभागींमध्ये वरचा आकडा सुमारे ११ मिमी.ने खाली आला. २००१ च्या पुढील चाचणीत याच आहाराला कमी मिठाची जोड दिल्यावर परिणाम आणखी वाढला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम जावे. घरात याचा अंदाज घेण्याची सोपी रीत मिठाच्या पुड्यावरून हिशेब करण्याची आहे. चार प्रौढांच्या घरात, बाहेरचे काहीही खाल्ले नाही असे धरले तरी, एक किलोचा पुडा निदान पन्नास दिवस पुरला पाहिजे. पाकीटबंद पदार्थाच्या वेष्टनावर सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. १०० ग्रॅम फरसाणात ८०० मिग्रॅ. सोडियम लिहिले असेल, तर त्यात २ ग्रॅम मीठ आहे.

मराठी जेवणात पानावर पहिल्यांदा मीठ वाढतात, आणि पथ्य सुरू झाले की घरचे प्रथम तेच बंद करतात. ते योग्यच आहे. पण खरा साठा लोणचे, पापड, सांडगी मिरची, ठेचा, शेव, पाव आणि खारवलेली मासळी यांत असतो. पापडखार व खायचा सोडा यांतही सोडियमच असते. कोकमाचे आगळ मीठ घालूनच टिकवलेले असल्याने आगळाच्या सोलकढीत वेगळे मीठ घालू नये. सैंधव निर्धोक असल्याचा समज चुकीचा आहे, कारण तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. उलट ज्वारी-बाजरीची भाकरी बिनमिठाची चांगली लागते, आणि ताकाला जिरेपूड व कोथिंबीर पुरते. आमटी-भाजीत लिंबू, आमसूल, चिंच, लसूण किंवा भाजलेल्या तिळाचे कूट वापरले की कमी मीठ खटकत नाही. अळणी चव काही आठवड्यांत अंगवळणी पडते. भाज्या उकडून पाणी फेकल्यास पोटॅशियम वाया जाते, म्हणून ते पाणी आमटीत घ्यावे.

सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले मीठही बाजारात मिळते. चीनमधील ६०० गावांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. तरीही मूत्रपिंडविकार असणाऱ्यांनी, तसेच टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाबावरील औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मूत्रपिंडविकारात नारळपाणी, केळी व फळांचे रस यांनाही हीच मर्यादा लागू पडते.

खोकल्यावर घरोघरी दिले जाणारे ज्येष्ठमध अधिक प्रमाणात व बरेच दिवस घेतल्यास रक्तदाब चढवते आणि पोटॅशियम घटवते, तेव्हा या रुग्णांनी ते टाळावे. पाण्यात फसफसणाऱ्या, आम्लपित्तावरील पुडींत पुष्कळ सोडियम असते. लसूण किंवा बीट यांचा थोडा उपयोग होत असला, तरी त्यांच्या भरवशावर गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. वजन उतरले व मीठ कमी झाले की पूर्वीचीच मात्रा जास्त ठरून उठताना चक्कर येऊ शकते. अशा वेळी घरी घेतलेल्या दाबाच्या नोंदी डॉक्टरांना दाखवून मात्रा त्यांच्याकडूनच बदलून घ्यावी.