केशरदुधाने बाळ गोरं होतं?

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत डोहाळजेवणात एक सल्ला ठरलेलाच: केशरदूध घे, शहाळ्याचं पाणी पी, बाळ गोरं होईल. शहाळं खुशाल प्यावं, पण बाळाच्या रंगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

त्वचेचा रंग ठरतो मेलॅनिन या रंगद्रव्यावर. ते बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-सावळ्या सगळ्यांच्या अंगात साधारण सारख्याच संख्येने असतात. मेलॅनिन किती आणि कोणत्या प्रकारचं तयार होतं, यात फरक असतो. हा कारभार अनेक जनुकं मिळून पाहतात. त्यातलं एक, एसएलसी२४ए५, २००५ साली उजेडात आलं ते झेब्राफिश नावाच्या इवल्याशा माशामुळे. (मासळीवर जगणाऱ्या किनाऱ्याला हे आवडावं!) त्याचं रंग उजळ करणारं रूप युरोपात जवळपास सगळ्यांत सापडतं, भारतातही बऱ्याच जणांत, आणि दोन्हीकडचा उगम एकच. आईवडील दोघांकडे त्याची एकेकच प्रत असेल, तर एका भावंडाला दोन आणि दुसऱ्याला एकही नाही असं होऊ शकतं. ही वाटणी गर्भ राहतानाच होऊन जाते. सातव्या महिन्यातलं केशर तिथे काय करणार?

"आमची सून प्यायली, नि बाळ गोरंपान झालं" याचं काय? नवजात बाळ बहुधा फिकंच दिसतं. खरा रंग पुढच्या काही महिन्यांत दिसू लागतो. तेव्हा बारशाचा फोटो पुरावा म्हणून दाखवू नये. आणि खाडीत उन्हातान्हात कालवं काढून आईची कातडी रापली, तरी ते रापणं बाळाच्या वाट्याला येत नाही.