बाटली निवडण्याआधी ताटात काय आहे ते सांगा
युरोपातून आलेली वाइन घेताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मासा असेल तर पांढरी आणि मटण असेल तर लाल, हा नियम युरोपातल्या स्वयंपाकातून आला. तिथे माशावर लोणी आणि लिंबू पडतं, मटण नुसतं भाजलेलं असतं. आपल्याकडे चव ठरते ती तिखटावर, चिंच-गुळावर, दाण्याच्या कुटावर. त्यामुळे काउंटरवर "कशाबरोबर हवी?" असं विचारल्यावर "चिकन" एवढ्यावर भागत नाही. चिकनचं काय केलंय, ते सांगा.

तिखट जेवण
मिरचीची जळजळ अल्कोहोलने वाढते. लाल वाइनमधलं टॅनिन, म्हणजे फार उकळलेल्या चहात येतो तो तुरटपणा, ती आणखी बोचरी करतं. गारवा आणि किंचित गोडवा तिला शांत करतात. म्हणून तांबडा रस्सा, मिसळ किंवा ठेच्याबरोबर जर्मनीची रीसलिंग घ्यावी. लेबलवर 'काबिनेट' असेल आणि अल्कोहोल ८ ते १० टक्के असेल, तर ती बहुधा गोडसर असते, कारण द्राक्षातली सगळी साखर अल्कोहोलमध्ये बदललेली नसते. त्याच द्राक्षाची 'ट्रॉकन' म्हणजे कोरडी, गोडवा नसलेली. तिचा अल्कोहोलचा आकडा साधारण १२ च्या आसपास दिसेल. जर्मन वाचता आलं नाही तरी हा आकडा वाचता येतो.

लालच हवी असेल तर फ्रान्सची बोजोले न्या. गामे द्राक्षात टॅनिन कमी असतं आणि ही वाइन थोडी गार करूनही छान लागते. इटलीची लाल बारोलो मात्र तांबड्या रश्श्याबरोबर उघडू नका. तिच्या नेब्बिओलो द्राक्षाचं टॅनिन जबर असतं. बाटलीही वाया जाते आणि रस्साही.

चिंच, गूळ, कोकम
पुणेरी आमटी, अळूची भाजी, भरली वांगी यांतला गूळ कोरड्या वाइनला कडवट-आंबट करतो आणि चिंच मवाळ वाइनला पाणचट. म्हणजे वाइन पदार्थाइतकी तरी आंबट हवी आणि तिला जरासा गोडवाही हवा. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली पांढरी व्हूव्रे, लेबलवर 'दमी-सेक' म्हणजे गोडसर असं लिहिलेली, इथे चपखल बसते. ती मिळाली नाही तर वरची काबिनेट चालेल. सोलकढी आणि वाइन आलटून पालटून पिऊ नका. दोन्हींची चव जाते.

कूट, खोबरं, मटण
टॅनिनची जागा इथे. स्निग्धता आणि प्रथिनं त्याची धार बोथट करतात. सुकं मटण, खिमा, पांढरा रस्सा यांना स्पेनची रिओहा लावा. रिओहाच्या लाल वाइनमध्ये 'क्रिआन्सा' म्हणजे किमान २ वर्षं मुरलेली, त्यातलं १ वर्ष ओकच्या पिंपात. 'रेसेर्वा' ३ वर्षं. 'ग्रान रेसेर्वा' ५ वर्षं. घरच्या मसालेदार जेवणाला क्रिआन्सा पुरते. पुढच्या पायऱ्यांचे बारकावे गरम मसाल्याखाली दबून जातात आणि जास्तीचे पैसे त्या बारकाव्यांचेच असतात.

तळलेले पदार्थ आणि मासे
कोथिंबीर वडी, बटाटेवडा, कुरकुरीत बोंबील यांना बुडबुड्यांची वाइन. तेलकटपणा घोटागणिक धुऊन निघतो. स्पेनची काव्हा शॅम्पेनसारखीच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात. इटलीची प्रोसेको सहसा मोठ्या टाकीत. भज्यांसाठी काव्हा आम्हाला उजवी वाटते. अशा बाटल्यांच्या लेबलवर गोडव्याची पायरी लिहिलेली असते, तिथे एक फसगत टाळा: 'एक्स्ट्रा ड्राय' ही 'ब्रूत'पेक्षा गोड असते. ब्रूतमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७.

रवा लावलेल्या पापलेट-सुरमईला मस्कादे, अल्बारिन्यो किंवा शाब्ली, या कोरड्या पांढऱ्या वाइन. लाल वाइनमधल्या लोहामुळे माशाचा उग्र वास तोंडात राहतो, म्हणून ती टाळा.

गोडाला वाइन पदार्थापेक्षा गोड लागते. पुरणपोळीवर तूपच घ्या.

लेबल आणि किंमत
युरोपच्या लेबलवर अनेकदा द्राक्षाऐवजी गावाचं किंवा प्रदेशाचं नाव असतं. शाब्ली म्हणजे शार्दोने, पांढरी सॉन्सेर म्हणजे सोव्हिन्यों ब्लां, बर्गंडीची लाल बहुतेक वेळा पिनो न्वार, क्यांती मुख्यतः सांजोव्हेझे. साध्या पांढऱ्या आणि रोझे (गुलाबी) वाइनचं साल पाहा. ३ वर्षांहून जुनी असेल तर सोडून द्या. मागच्या बाजूला आयातदाराचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असलेला स्टिकर हवाच.

आयात वाइनच्या किमतीत शुल्क, वाहतूक आणि कर यांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे सर्वांत स्वस्त आयात बाटलीत प्रत्यक्ष वाइनची किंमत फार थोडी उरते. बजेट तेवढंच असेल तर नाशिकची चांगली बाटली घ्या, हे आम्ही आयात वाइन विकत असूनही सांगतो.

पुण्याची हवा
लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात, ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या घरात रात्रीसुद्धा ३० अंश असतात. एवढ्या उष्णतेत लाल वाइनचा नुसता अल्कोहोल नाकात जातो. जेवणाआधी ४० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. पांढरीला अडीच-तीन तास लागतात. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घालून २० मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला जेमतेम टेकतात, म्हणून पाणी लागतंच. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर वाइन गोठून फुगते आणि बूच वर येतं, कधी काचही तडकते.

बुडबुड्यांची बाटली नीट गार करूनच उघडा. तिरकी धरा, बुचावरचा अंगठा काढू नका आणि बूच न फिरवता बाटली फिरवा. शॅम्पेनमधला दाब ५-६ वातावरणांइतका असतो. कोमट किंवा हिंदकळलेली बाटली निम्मी जमिनीवर जाते.

बाटली साठवण्याच्या सर्वांत वाईट जागा तीन: फ्रिजच्या डोक्यावर, स्वयंपाकघराचा माळा, उन्हात उभ्या गाडीची डिकी. बूच वर सरकलेलं, गळ्यावर चिकट ओघळ आणि शिजवलेल्या जॅमचा वास, ही उष्णता लागल्याची खूण. आतल्या खोलीतलं खालचं, अंधारं कपाट काही महिन्यांपुरतं ठीक. बूच असेल तर बाटली आडवी ठेवा, म्हणजे ते सुकत नाही.

तळाशी काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र बूच दूषित आहे. अशी बाटली ओतून देऊ नका. अर्ध्याहून जास्त वाइन शिल्लक असताना बूच आणि बिलासह आणा, बदलून देऊ.

किती घ्यावी? ७५० मिलिची बाटली म्हणजे १२५ मिलिचे ६ ग्लास. आठ जणांच्या, प्रत्येकी तीन ग्लासांच्या जेवणाला ४ बाटल्या. उरलेली लाल किंवा पांढरी बूच लावून फ्रिजमध्ये ३ दिवस टिकते. छोट्या बाटलीत काठोकाठ भरली तर आणखी एखाद-दोन दिवस, कारण आत हवा कमी राहते. खरेदीला येताना वयाचा पुरावा आणि मद्य परवाना सोबत ठेवा.