कोरलव्हिलचे रिकामे २९ फूट

धरण शंभर टक्के भरलं की आपल्याकडे जलपूजन होतं. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या कोरलव्हिल धरणावर मात्र जलाशय भरत आला की काळजी सुरू होते. १९५८ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण मुख्यतः आयोवा नदीचा पूर अडवण्यासाठी आहे, आणि पूर अडवायचा तर आधी जागा मोकळी हवी. म्हणून एरवी इथलं पाणी समुद्रसपाटीपासून ६८३ फुटांच्या आसपास ठेवतात. सांडव्याचा माथा ७१२ फुटांवर आहे. मधले २९ फूट पुरासाठी राखलेले.

खालच्या नेहमीच्या पाण्यात लोक बोटी चालवतात, मासे धरतात, काठावर तंबू ठोकून राहतात. अशा ठिकाणी काठाचा उतार फार महत्त्वाचा. पन्नास फुटांमागे एक फूट चढ असेल, तर पाणी नुसतं दोन फूट वाढलं तरी शंभर फूट आत शिरतं. वाळू, बाकडी, बोट उतरवायचा काँक्रीटचा उतार, सगळं पाण्याखाली. वर तरंगतात नदीने आणलेले ओंडके. पातळी सांडव्याला टेकेपर्यंत जलाशयाचा पसारा चौपटीहून जास्त झालेला असतो.

पाऊस थांबला, आता सोडा की पाणी, असं कुणालाही वाटेल. पण खाली आयोवा सिटी शहर आहे, नदीकाठी शेतं आहेत. पिकं उभी असताना पात्रात मावेल तेवढाच विसर्ग करावा लागतो. म्हणून काही दिवसांत चढलेलं पाणी उतरायला कित्येक आठवडे लागतात आणि सुट्ट्यांचा हंगाम त्यातच निघून जातो. वर्षभर या दिवसांची वाट पाहणाऱ्यांची हळहळ मला समजते. तरीही चौपाटी बुडाली तेव्हा खालची घरं वाचत होती, हा हिशेब मला पटतो.

१९९३ च्या उन्हाळ्यात ही राखीव जागाही पुरली नाही. पाणी पहिल्यांदाच सांडव्यावरून गेलं आणि २८ दिवस वाहत राहिलं. सांडव्याखालचा रस्ता, तंबूंचा तळ, झाडं आणि कुठे कुठे पंधरा फूट जाडीची माती त्याने खरवडून नेली. पूर ओसरल्यावर उघडा पडला तो चुनखडक: सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्राचा तळ! २००८ मध्ये पाणी आणखी वर, ७१७ फुटांपर्यंत चढलं आणि तळाचा आणखी भाग मोकळा झाला.

आज लोक तिथे पायी फिरतात. जीवाश्म उचलून न्यायला बंदी आहे, पण वाकून बघायला कोण अडवतं? मधमाश्यांच्या पोळ्यासारखी प्रवाळं, शिंपल्यांसारखी कवचं, आणि माळेतून सुटलेल्या मण्यांसारख्या चकत्या. या चकत्या म्हणजे समुद्रकमळ नावाच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यांच्या देठांचे तुकडे. शेजारच्या गावाला कोरलव्हिल हे नाव पडलं तेही इथल्या खडकातल्या प्रवाळांवरूनच. पाऊस पडून गेला की ओल्या दगडावर ही सारी नक्षी जास्तच उठून दिसते.