चाळीस डिग्रीच्या खोलीत पाच गिगाहर्ट्झ

सोलापुरात गेमिंग पीसी अपग्रेड करायचा विषय निघाला की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय बे, लिक्विड कूलर टाकला की ओव्हरक्लॉक बिनधास्त चालतंय ना?" ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर (सीपीयू) कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. आणि लिक्विड कूलर म्हणजे छोटा एसीच, असा समज पक्का बसलाय. तसं नाहीये. त्यातलं पाणी सीपीयूची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं, तिथले पंखे ती खोलीतल्या हवेत सोडतात, बास. खोलीत 40 डिग्री असेल तर सीपीयू 40 च्या खाली जाणारच नाही, कूलर कितीही महागाचा घ्या.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात आणि प्रत्येकाचा गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा भाग, हा एक इवलासा कपॅसिटर, चार्ज साठवणारी टाकीच. प्रोसेसरचं सगळं काम क्लॉकच्या ठोक्यांवर चालतं, आणि पुढचा ठोका पडायच्या आत तो चार्ज किंवा डिस्चार्ज व्हायलाच हवा, नाहीतर पुढच्या सर्किटला 1 च्या जागी 0 दिसतो आणि गेम क्रॅश होतो नाहीतर निळा स्क्रीन येतो. 5 गिगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 5 अब्ज ठोके पडताना, दोन ठोक्यांमधला वेळ फक्त 0.2 नॅनोसेकंद, तेवढ्यात प्रकाशसुद्धा 6 सेंटिमीटरच जातो! आणि त्या वेळात सिग्नलला एकामागोमाग कितीतरी गेट पार करायचे असतात. ओव्हरक्लॉक केलं की हा वेळ अजून कमी होतो, मग गेट लवकर भरायला व्होल्टेज वाढवावं लागतं. टाकी उंचावर ठेवली की नळाला जोर येतो आणि घागर लवकर भरते, तसंच.

पण व्होल्टेजची किंमत वर्गात मोजावी लागते. व्होल्टेज दुप्पट केलं तर गेटमध्ये चार्ज दुप्पट भरतो, आणि त्यातला प्रत्येक कण दुप्पट ऊर्जा घेऊन येतो, म्हणजे एका वेळची ऊर्जा चौपट. उष्णता = कपॅसिटन्स (गेटची चार्ज साठवायची क्षमता) × व्होल्टेजचा वर्ग × फ्रिक्वेन्सी (क्लॉकचा वेग). समजा 4.5 गिगाहर्ट्झ 1.20 व्होल्टवर चालतंय आणि तुम्ही 1.35 व्होल्ट देऊन 5 वर नेलं. वेग वाढला 11 टक्के, उष्णता वाढली 40 टक्के. 120 वॅटचे झाले जवळपास 169. कूलर दर वॅटला 0.35 डिग्री चढू देत असेल तर खोलीपेक्षा 42 ऐवजी 59 डिग्री जास्त. रिव्ह्यूवाल्याच्या 25 डिग्रीच्या खोलीत ते 84 होतात, आपल्याकडे मे महिन्यात 99. बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा 95 ते 100, तिथे पोचला की तो स्वतःच वेग उतरवतो, म्हणजे पैसे घालून घेतलेला वेग दुपारी गायब. शिवाय चिप तापली की बंद ट्रान्झिस्टरमधूनही करंट जास्त गळतो, त्याची उष्णता वेगळीच.

म्हणून पार्ट निवडताना खर्चाचा क्रम बदला. समोर काच नको, जाळीचा कॅबिनेट घ्या, आणि जाळी निघून धुता येईल असा. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या जवळ राहत असाल तर कापसाचे तंतू हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या, पात्यांमध्ये चादर विणल्यासारखे बसतात. पीसी सारखा बंद पडायला लागला की नजर लागली म्हणून त्याला लिंबू-मिरची बांधणारे लोक आहेत, त्यांना कळकळीने सांगतो, आधी ब्रशने पाती साफ करा, बाधा तिथेच असते. आरजीबी लाइटवर घालायचे पैसे चांगल्या पॉवर सप्लायवर घाला.

प्रोसेसरचं म्हणाल तर इंटेलमध्ये नावात के असलेला आणि सोबत झेड सिरीजचा मदरबोर्ड लागतो, एएमडीत बी सिरीजवरही ओव्हरक्लॉक होतं. पण फक्त गेमिंगच करायचं असेल तर एक्स-थ्रीडीवाले रायझन बघा. 7800 एक्स-थ्रीडीत कोअरच्या (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांच्या) वर जादा कॅश, म्हणजे चिपमधलीच वेगवान मेमरी, रचलेली आहे, रॅमची वाट कमी बघावी लागते, त्यामुळे क्लॉक न वाढवता फ्रेम वाढतात. 2024 च्या 9800 एक्स-थ्रीडीत तीच कॅश कोअरच्या खाली नेली, उष्णतेला कूलरपर्यंतचा रस्ता मोकळा झाला आणि म्हणून त्यात ओव्हरक्लॉकही खुलं ठेवलंय!

आणि व्होल्टेज वाढवायचा हट्ट धरू नका. 2024 मध्ये इंटेलचे 13व्या-14व्या पिढीचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर झाले, त्यामागे जादा व्होल्टेज हे मोठं कारण निघालं आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षं वाढवावी लागली. उलटं करून बघा, अंडरव्होल्ट करा. फ्रिक्वेन्सी आहे तीच ठेवून व्होल्टेज थोडं थोडं उतरवा, प्रत्येक वेळी स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवा, क्रॅश झालं की एक पायरी वर या. वर्गाचा फायदा मग आपल्या बाजूने मिळतो, 1.25 चं 1.15 केलं तरी उष्णता 15 टक्के कमी. ही टेस्ट एकदा डिसेंबरमध्ये आणि एकदा मे महिन्यात दुपारी तीन वाजता घ्या, आणि सेटिंग मे महिन्याचीच ठेवा.